खोपा कोण बांधतो?

पक्ष्यांविषयी बोलण्याचा आम्हा दोघांना तसा बराच सराव आहे. वीस-बावीस वर्षे मराठीचे अध्यापन करताना चातक, चकोर, चक्रवाक, राजहंस ही मंडळी आमच्या तोंडी सतत येत राहिली. ज्ञानदेवांच्या विराणीतला कावळा आम्ही कितीदा तरी उलगडून दाखवला आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त केलेली कविसमयांची चर्चा सांगताना नीरक्षीरविवेकी हंसाचे उदाहरण देणे हा तर पाठ झालेला भाग. पण चातक म्हणजे नेमका कोणता पक्षी, तो आमच्या घरामागच्या रानात येतो की नाही, पावश्या आणि तो एकच की वेगळे, असे कोणी विचारले असते तर आम्ही हसून विषय बदलला असता. कोणी विचारत नव्हते, म्हणून निभावले.

विचारणारा भेटला तो २०१८ च्या ऑगस्टमध्ये. आमच्यापैकी एकीचा प्रथम वर्षाचा तास होता आणि बहिणाबाईंची सुगरण शिकवणे चालू होते. गृहिणीचे कष्ट, मातृत्व, अशिक्षित कवयित्रीची निरीक्षणशक्ती अशा ठरलेल्या वाटेने विवेचन पुढे जात असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. पवन मावळातल्या एका वस्तीवरून दोन एसट्या बदलून तो येत असे. म्हणाला, ‘‘मॅडम, खोपा नर बांधतो. मादी नुसती बघायला येती.’’ वर्ग हसला. त्यावर मॅडमनी जे उत्तर दिले ते आपल्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक असलेले आहे : कवितेतले सत्य वेगळे असते, ते शास्त्राच्या मोजपट्टीने मोजू नये. उत्तर चुकीचे नव्हते. मात्र ते देणाऱ्या व्यक्तीने आयुष्यात एकदाही सुगरणीचा खोपा दोन मिनिटे उभे राहून पाहिलेला नव्हता, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलेले होते. तो काही न बोलता खाली बसला. संध्याकाळी घरी हा प्रसंग सांगताना, आणि ऐकतानाही, आम्हा दोघांना जी शरम वाटली ती पुढे बरेच दिवस टिकली.

त्या शरमेपोटी दुर्बीण आली. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ (२००२) विभागाच्या कपाटात संदर्भग्रंथ म्हणून होताच, तो आता खऱ्या अर्थाने उघडला गेला. लोणावळ्यात राहण्याचा एक फायदा असा की पावसाळ्यात पर्यटकांची झुंड भुशी धरणाकडे वळते आणि बाकीचे डोंगर आपल्याला मोकळे राहतात. पहिल्या वर्षी आम्हाला फारसे काही ओळखता आले नाही. शीळकरी कस्तूर तेवढा भेटला, तोही आधी कानांना. जूनच्या पहाटे ओढ्याच्या बाजूने कोणी पोरगा सूर चुकवत, मध्येच आठवून पुन्हा शीळ घालत चालला आहे असे वाटायचे. इतकी वर्षे ती शीळ आम्ही शेजारच्या बंगल्यावरच्या माळ्याची समजत होतो.

चितमपल्लींच्या कोशाबद्दल थोडे विषयांतर करणे भाग आहे. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी जंगलातल्या माणसांकडून नावे गोळा केली, संस्कृत ग्रंथांतली नावे त्यांच्याशी ताडून पाहिली, आणि नाव नव्हते तिथे घडवले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनी रूढ केले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ‘वनाधिकारी साहित्यिक कसा’ असा सूर आमच्याच वर्तुळात काहींनी लावला होता. आम्हीही त्यांत मान डोलावली असण्याची शक्यता आहे. परिभाषा घडवणे हे वाङ्मयीन काम आहे असे आपण भाषणात म्हणतो, आणि करणारा समोर आला की त्याची संज्ञा ‘माहितीपर’ या खान्यात टाकून मोकळे होतो.

आता प्रवासाकडे. तो घडला २०२४ च्या डिसेंबरात, आणि त्याचे कारण पक्षी नव्हते. आमच्यापैकी एकाची नोकरी कायम आहे. दुसरी चौदा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होती. ज्यांना हा शब्द माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. दर वर्षी अर्ज, दर वर्षी मुलाखत, घेतलेल्या तासापुरते मानधन, आणि मे महिन्यात काहीच नाही. त्या वर्षी विशेष स्तराला मराठी घेणारी मुले पुरेशी राहिली नाहीत. दुसऱ्या सत्रात तास उरणार नाहीत असे सांगण्यात आले, तेही सौजन्याने, चहा देऊन. सत्रासाठी आणलेले कोरे हजेरीपुस्तक घरी टेबलावर पडून होते. उत्तरपत्रिका तपासून झाल्या, आणि एका सकाळी आम्ही गाडीत दुर्बीण, कोश आणि ते हजेरीपुस्तक टाकून बोरघाट उतरू लागलो. हजेरीपुस्तक कशाला, हे तेव्हा विचारले गेले नाही.

आमच्या गावाचे भूगोलाने एक गमतीदार स्थान करून ठेवले आहे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला वळते आणि देहू-आळंदीला जाते. आपण शिकवतो ते मराठी वाङ्मय बरेचसे त्या पाण्याच्या काठाने घडले. पण त्याच डोंगरावरचे वळवण, शिरवत्याच्या तलावांत अडवलेले पाणी टाटांनी नळातून खाली सोडले आणि १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होऊ लागली. ते पाणी पाताळगंगेतून पश्चिमेच्या समुद्राला मिळते. म्हणजे काही हातांच्या अंतरावर पडलेले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागराला आणि दुसरा अरबी समुद्राला. आम्ही या खेपेस दुसऱ्या थेंबाच्या वाटेने निघालो होतो. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू करून नाणे टाकले. साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ही कथा खरी की दंतकथा, यावर आम्ही एकेकाळी लोकसाहित्याच्या तासाला चर्चा घडवून आणत असू.

खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खारेपाट पसरतो तिथून दुर्बीण गळ्यातून खाली उतरलीच नाही. भाताची खाचरे कापून झालेली, बांधांवर खाडीचे पाणी, आणि त्या उथळ पाण्यात लाल काडीसारख्या पायांवर उभे शेकाट्ये. हे नाव म्हणजे एक पूर्ण वर्णन आहे. तारांवर वेडे राघू एका रांगेत. एका खांबावर खंड्या, जणू परीक्षेचा पर्यवेक्षक. हजेरीपुस्तक उघडले गेले ते इथे. ‘विद्यार्थ्याचे नाव’ या रकान्यात ‘शेकाट्या’ असे लिहिले गेले आणि पुढे चौकटीत संख्या. आमच्यापैकी दुसऱ्याने ते पाहिले आणि तो काही बोलला नाही.

मुक्काम किहीमला ठरवला होता, त्याला मात्र कारण होते. सालिम अली १९२९ साली बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरीला होते. लोकांना निसर्गविभाग समजावून सांगणारे व्याख्याते, असे त्यांचे पद होते. १९३० साली परत आले तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेले. वय तेहतीस, हातात नोकरी नाही. ते बायकोसह किहीमला समुद्राकाठच्या घरात येऊन राहिले, आणि त्या पावसाळ्यात घराजवळच सुगरणींची एक वसाहत त्यांना सापडली. रोज तासन्‌तास तिथे बसून त्यांनी पाहिले आणि जे पाहिले ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले.

त्यांना दिसले ते असे. विणीच्या काळात पिवळा झालेला नर गवताच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून आणतो आणि घरटे विणायला घेतो. शिरस्त्राणासारखा अर्धा आकार झाला की तो थांबतो. मग माद्यांचा घोळका येतो. नर पंख फडकावून, ओरडून आपले काम दाखवतात. माद्या आत शिरून, विणीला हिसडे देऊन पाहतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते, आणि मगच तो उरलेला भाग व ती लांब नळी पुरी करतो. पसंत न पडलेली घरटी तशीच अर्धवट लोंबकळत राहतात. एकीचे बिऱ्हाड मांडून झाले की हा शेजारीच दुसरे घरटे सुरू करतो, दुसरीसाठी. अंडी उबवण्याचे काम तिच्या एकटीचे. घरट्यात आतून मातीचे गोळे चिकटवलेले असतात. त्यांवर काजवे लावून सुगरण दिवा करते, ही आपल्याकडची जुनी समजूत.

किहीमच्या वाडीत आम्हाला जुने खोपे दिसले, शिंदीच्या झावळ्यांना लटकलेले, वाऱ्याने विसकटलेले. डिसेंबरात ते रिकामेच असणार. खाली पडलेला एक अर्धवट खोपा हातात घेतला तेव्हा आत बोटांना वाळलेल्या मातीचे खडे लागले. कोणा मादीने हा नाकारला होता. त्या संध्याकाळी पडवीत बसून आम्ही बराच वेळ बहिणाबाईंवर बोललो. वर्गात ज्या भाषेत बोलतो ती भाषा कामाला येईना. बहिणाबाई शेतात राबणाऱ्या बाई. त्यांनी खोपे आमच्यापेक्षा हजारपट पाहिलेले असणार. मग कवितेतले घर बांधणारी ‘ती’ कशी झाली? एक उत्तर भाषेत आहे. पक्ष्याचे नावच सुगरण. ज्या भाषेने निगुतीचे काम दिसताच त्याला बाईचे नाव दिले, त्या भाषेत नराला खोपा बांधायला जागाच उरलेली नव्हती. दुसरे उत्तर असे असू शकेल की राबणाऱ्या बाईने स्वतःचे राबणे तिथे पाहिले आणि पक्ष्याकडून ते हक्काने मागून घेतले. आम्हा दोघांचे यावर एकमत झाले नाही. एक गोष्ट दोघांनाही मान्य करावी लागली : ‘कवितेतले सत्य वेगळे’ हे वाक्य त्या मुलाला गप्प करण्यासाठी वापरले गेले होते. त्याचे निरीक्षण हातात धरून कवितेत शिरता आले असते, आणि तो तास फार वेगळा झाला असता.

मग बराच वेळाने ती म्हणाली, ‘‘पद गेलं म्हणून त्यांना सुगरण सापडली.’’ आणि लगेच, ‘‘असं म्हणायला बरं वाटतं, पण ते सालिम अली होते.’’ यावर आमच्यातल्या कायम नोकरीवाल्याने काय बोलायचे असते?

दुसऱ्या दिवशीचा रस्ता सुंदर आहे आणि त्याचे वर्णन सगळ्यांनी केले आहे. अलिबाग, चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, मग साळाव. तिथून मुरूडपर्यंत डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र. कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी थांबलो ते पक्ष्यांसाठी नव्हे. या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली टिकून आहे. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. भाषाविज्ञानाच्या पेपरात मिश्रभाषेचे उदाहरण म्हणून आम्ही तिचा उल्लेख करीत आलो, आणि ती इथे एका घरासमोर मासळी वाळवणाऱ्या बायकांच्या भांडणात ऐकली. कुरव पक्ष्याला त्या भाषेत काय म्हणतात हे विचारायचे राहून गेले. भांडण रंगात आले होते. काशिदला गर्दी फार, घोडागाड्या, पाण्यावरच्या मोटरबोटी. एक समुद्री बगळा तेवढा खडकावर करड्या अंगाने स्थिर उभा होता.

फणसाडला पहाटे गेलो. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान, १९८६ पासून अभयारण्य. इथे पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. हा शब्द आम्हाला नवीन होता, त्यामुळे पहिली दहा मिनिटे पक्ष्यांऐवजी व्युत्पत्तीवर गेली. शेकरू दिसले, तांबूस, झुपकेदार शेपटीचे, एका फांदीवरून दुसरीवर वाहत गेल्यासारखे. स्वर्गीय नर्तकाची एक पांढरी फीत दिसली आणि संपली. गिधाडे दिसली नाहीत.

गिधाडांचा विषय मात्र पुढे श्रीवर्धनला निघाला. आगरदांड्याहून दिघीला जाणारी जंगल जेट्टी गाडीसकट माणसे पलीकडे नेते. तिच्या मागे कुरवांचा थवा लागतो आणि पर्यटक वेफर्स उडवतात. सगळेजण त्यांना सीगल म्हणत होते. जेट्टीवरच्या दोरखंड सांभाळणाऱ्या काकांना आम्ही विचारले, तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, ‘‘पावणे. थंडी सरली की जातात.’’ हजेरीपुस्तकात कुरव असे लिहून पुढे कंसात ‘पावणे’ लिहिले गेले.

दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांत शिरताना काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते, ते लक्षात यायला वेळ लागला. ऊन फार होते. ३ जून २०२० रोजी जे चक्रीवादळ या किनाऱ्याला धडकले त्याने माड आणि पोफळी रांगांनी आडव्या केल्या. नवीन रोपे आता पुरुषभर झाली आहेत. सावली व्हायला अजून वर्षे जायची. त्या वादळाचे नाव ‘निसर्ग’. नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. ‘आधुनिक मराठी निसर्गकविता’ असा पेपर शिकवणाऱ्यांना हे नाव उच्चारताना जीभ अडखळते. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी ‘निसर्गाच्या आधी’ आणि ‘निसर्गानंतर’ अशी कालगणना करत होत्या. तळेगाव दाभाड्याला राहून गोनीदांनी ‘पडघवली’ लिहिली, तीही आमच्यासारखीच मावळातून खाली पाहात. त्या कादंबरीतले ओसाडत गेलेले कोकण माणसांच्या जाण्याने ओसाडले होते. झाडेच गेल्यावर काय उरते, हा प्रश्न तिथे नव्हता.

आजींना गिधाडांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या माडांवर घरटी असायची हो. त्यांच्या घाणीनं झाप करपायचे म्हणून आमचे हे ओरडायचे, हाकलायचे. आता मेलं जनावर कुत्री ओढतात.’’ गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारतात जनावरांसाठी ते २००६ साली बंद केले गेले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. म्हसळ्याकडच्या काही गावांनी ती जपण्याचे काम चालवले आहे हे आजींनाही ठाऊक होते. ‘‘येतील परत,’’ असे त्या म्हणाल्या, पण त्यांच्या दृष्टीने अंगणातले दोन कोवळे माड जगणे हे अधिक तातडीचे होते.

शेवटची संध्याकाळ हरिहरेश्वरला. ओहोटीच्या ओल्या वाळूवर चिखल्या आणि तुतवार लाटेच्या पुढे पळत, लाट मागे फिरली की तिच्या मागे. एवढेसे जीव, यांतले कित्येक हिमालयापलीकडून आलेले. एक चिखल्या एका पायावर उड्या मारत होता. दुसरा पाय थंडीमुळे पोटाशी घेतला असेल म्हणून आम्ही अर्धा तास थांबलो. तो पाय नव्हताच. तरीही त्याचे खाणे इतरांच्या बरोबरीने चालले होते, असे आम्हाला वाटले. यातून काही अर्थ काढण्याचा मोह झाला आणि आम्ही एकमेकांकडे पाहून तो टाळला. हजेरीपुस्तकात नोंद झाली : ‘चिखल्या, ६३. पैकी एक, एक पाय.’

परतीला माणगाव, पाली, खोपोली. घाट चढताना रात्र झाली होती.

१८ जून २०२५ रोजी सोलापूरला चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्या रात्री आम्ही कोश काढून नुसता चाळला. बातमी वाचून पवन मावळातल्या त्या मुलाचा फोन आला. तो आता एका दूधसंघात कामाला आहे. म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही त्यांचं नाव घ्यायचात म्हणून केला. आमच्या विहिरीवर खोपे लागलेत. येताय का?’’

जुलैत गेलो. पाऊस भुरभुरत होता. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला खोपे लटकलेले, पिवळे नर गवताची पाती घेऊन येत-जात होते. एक करडी मादी एका अर्धवट खोप्यात शिरली, तिने दोनदा हिसडा दिला आणि उडून गेली. नर क्षणभर तसाच उलटा लोंबकळत राहिला. मुलगा आमच्याकडे बघून हसला, पण काही बोलला नाही. त्याची आई छत्री घेऊन मागून आली. तिला आम्ही विचारले, बांधतो तो नर, मग तुम्ही याला सुगरण का म्हणता? ‘‘बांधतोय त्योच की,’’ ती म्हणाली, ‘‘पर संसार तिनं केल्याबिगर त्याला खोपा कोन म्हनंल?’’ मग तिने विचारले, ‘‘मॅडम, तुमचं कालेज झालं का चालू?’’

‘‘नाही,’’ मॅडम म्हणाल्या, आणि छत्रीखाली हजेरीपुस्तक धरून त्यांनी खोपे मोजायला घेतले. पुरे झालेले नऊ, अर्धवट चौदा. पंधरावा तेवढ्यात सुरू झाला, म्हणून आकडा खोडून पुन्हा लिहावा लागला.